तिकडून बांधलेली भिंत

१

माझ्या शाळेतली पोरं मला पाठीमागे 'सीबीआय मॅडम' म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, कारण त्यात खोटं काही नाही. बोर्डाच्या परीक्षेला भरारी पथकात मला मुद्दाम घेतात. मी कोणाचे खिसे तपासत नाही, बाकाखाली वाकत नाही. नुसती हातांकडे बघत फिरते. साळसूद चेहरा सगळ्यांना करता येतो, हातांना ते जमत नाही.

घरीही माझं तेच. दूधवाल्यापासून वायरमनपर्यंत प्रत्येकावर थोडा थोडा संशय. माझे यजमान शंतनु थट्टा करायचे, की शरयू देवाला नैवेद्य दाखवते आणि मग देवाने किती खाल्लं ते तपासते. करायचे, म्हणजे पूर्वी. ते ज्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला होते ती बंद पडली, आणि माणूस हळूहळू बोलायचाच थांबला. सकाळी अंघोळ, मग झोपाळा, जेवण, पुन्हा झोपाळा. टीव्ही बंद असला तरी त्याच्याकडेच बघत बसायचे. काही विचारलं की "हं." मला भीती वाटायची. उघडच सांगते, मला वाटायचं की एक दिवस मी शाळेतून येईन आणि झोपाळा रिकामा असेल.

नांदुऱ्याच्या जुन्या कापूस बाजारामागे आमचं हे दगडी घर आहे. लहानसंच, जुनं, एका व्यापाऱ्याकडून विकत घेतलेलं. मधल्या खोलीतली एक फरशी कायम डुगडुगायची. मार्च सरताना शंतनुंनी ती उचलली, तर खाली दगडी पायऱ्या. पायऱ्यांखाली एक खोली, चारी बाजूंनी दगडी भिंती, माळ्याइतकी उंच. आत शिरलं की अंगावर गार वारा यावा तसा गारवा.

त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "शरयू, तळघर नीट करून घेऊ. उन्हाळा निभून जाईल."

कित्येक महिन्यांनी मी त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकलं. मी लगेच हो म्हणाले. चार ठिकाणी चौकशीसुद्धा केली नाही, यावरून काय ते समजा.

२

गवंडी धामणगाव बढ्याचा, जीवन नावाचा. चाळिशीचा, बारीक, तोंडात कायम सुपारी. दगडी काम करणारा आता फारसा कोणी उरलेला नाही, म्हणून तो स्वतःला जरा जास्तच समजायचा. म्हटलं, ह्याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

काम सोपं होतं. दगडांमधला जुना, भुगा झालेला चुना खरवडून काढायचा आणि त्या फटींमध्ये नवा चुना भरायचा. याला ते दर्जा भरणं म्हणतात. शंतनु पहिल्या दिवसापासून त्याच्याबरोबर खाली. थापी हातात घेऊन बसले की तासन्‌तास उठायचे नाहीत. ते डावरे आहेत, म्हणून त्यांच्या थापीचे वळ उलट्या बाजूला झुकायचे. जीवन हसायचा. भाऊ, तुमची भित आरशातल्यासारखी दिसते, म्हणायचा. एकदा दगड निसटून त्यांच्या डाव्या अंगठ्यावर पडला आणि नख काळंनिळं झालं. त्याचंही त्यांना कौतुकच वाटलं. ते नख त्यांनी मला मुद्दाम दाखवलं.

तीन भिंती बिनबोभाट झाल्या. चौथ्या, पूर्वेकडच्या भिंतीपाशी जीवन थांबला. मी डबा द्यायला खाली गेले होते. तो भिंतीवरून हात फिरवत होता, आणि सुपारी चघळायची थांबली होती.

मी विचारलं काय झालं. त्याने बल्ब जवळ धरला. या भिंतीतला जुना चुना दगडांच्या फटींतून बाहेर आलेला होता, गोळे गोळे, ओबडधोबड, वाळून दगड झालेले. बाकीच्या तिन्ही भिंतींवर तसं काही नव्हतं.

"मॅडम, गवंडी जथी उभा राह्यते, तथी सफाई करते," तो म्हणाला. "थापी फिरवते, पुसते. दबलेला माल दुसऱ्या अंगानं बाहेर येते. ते अंग कोनी पाहत नाही." मग बल्ब खाली करून, "हे भित तिकडून बांधेल हाय."

तिकडे म्हणजे कुठे, मी विचारलं. तिकडे काळी माती आहे.

मी मनात म्हटलं, आला बरोबर लाइनीवर. आता हा घाबरवणार आणि मजुरी वाढवून मागणार.

३

त्या भिंतीपलीकडे, जमिनीवर, सत्यभामाबाईंचं अंगण आहे. आमच्या शेजारीण. आमचं घर पूर्वी त्यांच्या सासरकडचंच होतं, नंतर वाटणीत गेलं आणि विकलं गेलं. संशय आला की मी स्वस्थ बसत नाही. साखर मागायच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेले.

त्यांच्या अंगणात, आमच्या घराला लागूनच, मागच्या वर्षी शोषखड्डा खणला होता. चांगला खोल, पुरुषभर. मी सहज विचारावं तसं विचारलं, खणताना काही लागलं का, बांधकाम, पोकळी, काही. म्हणाल्या, काही नाही, खालपर्यंत काळी माती आणि मग पिवळी. मजूर कंटाळले इतकी घट्ट.

म्हणजे भिंतीमागे कोणी उभं राहायला जागा नव्हती. मी मनात गणित मांडलं. आधी मोठा खड्डा खणला असेल, बाहेरून भिंत बांधली असेल, नंतर माती लोटली असेल. सरळ आहे. मग बाकीच्या तीन भिंती आतून का बांधल्या, याला उत्तर नव्हतं. पण गवंडी कुठे माझ्या सोयीने काम करणार.

उठताना सत्यभामाबाईंनी विचारलं, "तळघर खोललं म्हन्ता. काऊन?"

मी उन्हाळ्याचं सांगितलं. त्या जरा वेळ ओट्यावरची ज्वारी निवडत राहिल्या.

"आमचे मामंजी बसत खाली. दुपारचे. लय तिरसट माणूस, कोनाशी धड बोलत नसे. मंग एकाएकी बदलले. हसतमुख झाले. माह्या लेकराईले खांद्यावर घेऊन बाजारात जात. त्यायनंच मंग फरशी टाकून तळघर बंद केलं."

मी म्हटलं, बरंच झालं की.

"हाव," त्या म्हणाल्या. "सासूबाई मात्र त्यायच्यासंग जेवाले बसल्या नाही मंग. कधीच नाही."

मी साखर घेऊन घरी आले. जुन्या बायकांचे रुसवे, म्हटलं.

४

दुसऱ्या दिवशी रविवार. मी खाली गेले तेव्हा शंतनु थापीच्या मुठीने पूर्वेच्या भिंतीतले दगड वाजवून बघत होते. कुठला दगड पोकळ बोलतो हे असं कळतं. प्रत्येक दगडावर एक ठोका, कान लावायचा, पुढचा. जीवन एकटक बघत होता. शंतनुंनी एका दगडावर पुन्हा खात्री करायला हात उचलला, तर त्याने झटकन त्यांचं मनगट धरलं.

"भाऊ, या भितीवर लागोपाठ दोन ठोके नका मारू."

मी तिथेच उभी होते. म्हटलं, का नाही मारायचे, सांग की. तो सांगायला तयार नव्हता. मी सोडलं नाही. शेवटी त्याने सांगितलं. जुन्या जाड भिंतीला दोन तोंडं असतात. एक गवंडी या अंगाला, एक त्या अंगाला, आणि मध्ये भराव. भिंत डोक्याच्या वर गेली की एकमेकांना दिसत नाहीत. मग मुठीने दगडावर ठोकून बोलतात. एक ठोका म्हणजे थांब, माझा हात आत आहे. दोन म्हणजे माझं झालं, चालू दे. त्याच्या वडिलांनी त्याला हेच शिकवलं होतं, आणि अर्धवट भिंतीवर उगाच दोन ठोके मारले तर कानाखाली वाजवायचे.

"पण ही भिंत अर्धवट कुठे आहे?" मी विचारलं.

जीवनने खांदे उडवले. "याचं एकच तोंड हाय, मॅडम. इकडलं बांधलंच नाही कोनं."

आता मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. आमच्या जिल्ह्यात गुप्तधनाच्या नादाने काय काय चालतं ते पेपरात येतच असतं. याला भिंतीमागे काहीतरी असल्याची शंका आहे, म्हणून आम्हाला तिच्यापासून लांब ठेवतोय. आम्ही नसताना येऊन फोडेल. शंतनु भोळे. मी नाही.

दुपारी दोघं जेवायला वर गेले. मी खाली थांबले. थापी उचलली आणि भिंतीच्या बरोबर मध्यावरच्या दगडावर मुठीने दोनदा ठोकलं, चांगलं जोरात. पोकळ बोलला असता तर मी जीवनला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

दगड भरीव होता. मी थापी ठेवली आणि वळले. तेवढ्यात पाठीमागून, त्याच दगडातून, दोन ठोके आले.

त्याच वेळी मालगाडी जात होती. नांदुऱ्यात सगळी घरं मालगाडीने हलतात, आमच्या मांडणीतली भांडीसुद्धा वाजतात. मी पायऱ्या चढून वर आले आणि सगळ्यांना वाढलं. कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं?

५

सोमवारी पूर्वेच्या भिंतीत नवा चुना भरला. मंगळवारी सकाळी तो सगळा खाली फरशीवर पडलेला. फुटून, झडून नव्हे. शेवया पाडाव्यात तसा लांब लांब वळकट्यांनी, अजून ओला. मागून कोणी बोटाने ढकलून काढल्यासारखा.

मी जीवनला धारेवर धरलं. माल पातळ होता, वाळू जास्त होती, लक्ष नव्हतं. त्याने आपली हत्यारं पुसली, पिशवीत भरली. पैसेसुद्धा मागितले नाहीत, आणि तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटेनासं झालं. जाताना दारात थांबून तो शंतनुंना म्हणाला, "भाऊ, तुम्ही बी आता खाली नका जाऊ." माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

शंतनु गेलेच. ते एकटेच काम करायला लागले. मी शाळेतून येईपर्यंत खालीच असायचे. आणि खरं सांगते, माणूस सुधारत होता. दोनदा पोळी मागून घ्यायचे. चुन्याचे हात धुताना गुणगुणायचे. गार्गीचा, आमच्या लेकीचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला तर ती रडायलाच लागली. बाबा किती छान दिसतोय गं, म्हणाली. मी फोन हातात धरून उभी होते आणि मलाही रडू आलं. मी देवाजवळ दिवा लावला, आणि त्या दिवशी देवाचं काही तपासलं नाही.

पण माझा स्वभाव कुठे जातो. एकदा भाजी चिरता चिरता कान दिला, तर खालून थापीचा आवाज येत होता. खर्र, खर्र. शंतनु थांबले की जरा वेळाने पुन्हा खर्र, खर्र. जरा बारीक, लांबून. तळघरात आवाज घुमतो, हे मी पोरांना शिकवते.

मी विचारलं, एकटेच काम करता, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, "लय सरळ येऊन राह्यली भित. तिकडलं काम चांगलं हाय त्याचं."

त्याचं म्हणजे कोणाचं, मी विचारलं.

"जुन्या गवंड्याचं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

६

एप्रिल अर्धा झाला. उन्हामुळे शाळा सकाळची झाली आणि मी दुपारच्या आत घरी आले. घरात गारवा, शांतता. झोपाळा रिकामा होता. स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता, पण तळघराचा बल्बही चालू दिसला, म्हणून मी आधी खाली गेले. आज त्यांच्यासोबत खालीच बसून बोलावं असं मनात होतं.

खाली कोणी नव्हतं. पूर्वेच्या भिंतीत मधला दगड काढलेला होता. तोच, ज्यावर मी ठोकलं होतं. तिथे चौकोनी भोक, आणि आत अंधार. माती नव्हती. माती असायला हवी होती.

मी जवळ गेले. भोकातून एक हात बाहेर आला.

मी ओरडले नाही, मागे सरले नाही. मला तो हात ओळखू आला होता. डावा हात, थापी धरलेला, अंगठ्याचं नख काळं. त्याने भोकाच्या तळाशी चुना अंथरला, कडेने पुसला, अगदी रोजच्यासारखा. मग थापी आमच्या बाजूच्या दगडावर ठेवून दिली आणि बोटं पसरून भिंत चाचपायला लागला. इकडे, तिकडे. लाइट गेल्यावर आपण घरात बटण शोधतो तसा.

"अहो," मी म्हटलं.

हात जागच्या जागी थांबला.

आणि वरून, स्वयंपाकघरातून, शंतनुंचा आवाज आला. "आलीस का? चहा गाळून राह्यलो."

मग गाळणं पातेल्यावर वाजलं. चोथा झटकताना वाजतं तसं. एकदा, आणि लगेच पुन्हा.

हात आत गेला, कोणी मागून ओढावा तसा. भोकात आतल्या बाजूने दगड सरकत आला आणि बसला. चारी फटींतून ओला चुना माझ्या अंगाने बाहेर आला, गोळे गोळे. त्यातला एक माझ्या पायावर पडला. गार होता.

तेवढ्यात हात धरायला हवा होता. मी फक्त बघत राहिले. आयुष्यभर मी हातांकडे बघतच आले.

७

वर आले तर चहा तयार होता. शंतनुंनी उजव्या हाताने कप भरला, उजव्या हाताने माझ्यापुढे सरकवला. उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं. चेहरा हसरा, डोळे स्वच्छ. असा चेहरा त्यांचा आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

मी म्हटलं, अहो, तुम्ही डावरे ना? ते हसले. म्हणाले, जीवनने सांगितलं होतं की उजव्या हाताने दर्जा नीट येतात, तेव्हापासून सवय लावून घेतली. नख? आधीपासून याच हाताचं. तूच विसरतेस.

मी जीवनला फोन केला. तो म्हणाला, मी असं काहीच म्हटलं नव्हतं. मग त्याने विचारलं, मॅडम, त्या भितीवर कोनं दोन मारले होते का? मी फोन ठेवून दिला.

गार्गीकडून व्हिडिओ कॉलच्या वेळचा फोटो मागवला. त्यात काळं नख कोणत्या हाताचं ते दिसत होतं, पण मोबाइलचा कॅमेरा उजव्याचं डावं करतो, काही फोन करतात, काही करत नाहीत. मी अर्धा तास तो फोटो आरशासमोर धरून बसले. शेवटी कळेना की मी काय सिद्ध करतेय. वर्गात पोराला पकडायला एवढा पुरावा मी कधी मागितला नव्हता.

घरात आता सगळं छान आहे. ते सकाळी बाजारात जातात, सत्यभामाबाईंची विचारपूस करतात. त्या उत्तर देतात, पण त्यांच्याकडे बघत नाहीत. गार्गीला रोज फोन करतात, ती खूश आहे. त्यांनी झोपाळ्याला तेल दिलं, तो आता वाजत नाही. माझ्यावर ओरडत नाहीत, रुसत नाहीत, माझ्या संशयाची थट्टाही करत नाहीत. मी ताट वाढते आणि काहीतरी कारण काढून स्वयंपाकघरात उभ्याने जेवते. मला माझा तो गप्प बसणारा, कुठेतरी बघत राहणारा माणूस हवा आहे. हे मी कोणाला सांगू?

काल ते म्हणाले, खाली फार गारठा आहे, बाधतो, फरशी टाकून बंदच करून घेऊ. आज सकाळीच दोन माणसं आली. सिमेंट कालवून ठेवलं. शेवटची फरशी बसवायची राहिली आहे, आणि ती माणसं ओट्यावर चहा पीत आहेत.

मी पायऱ्यांच्या तोंडापाशी बसले आहे. मालगाडी नाही, बाहेर रिक्षाही नाही. इतकं शांत आहे की घड्याळ ऐकू येतं.

आत्ता खालून एक ठोका आला. मी दुसऱ्याची वाट बघितली. आला नाही. थोड्या वेळाने पुन्हा एक. एकच.

माणसं चहा संपवून उठली आहेत. मागून शंतनु म्हणत आहेत, "शरयू, उठ ना. त्यायले काम करू दे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आहे, उजवा.

खालून पुन्हा एक ठोका आला. मी मूठ आवळली, फरशीवर एकदाच ठोकलं, आणि तिथेच बसून राहिले.